ताशी तीनशेचे चार टायर

रविवार, ८ सप्टेंबर २०२४, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. विषय एकच : गाडी. रडगाणे नाही, खाडाखोड नाही, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून. बारावीला मराठीत एकोणऐंशी होते. घात बाकीच्या विषयांनी केला.

गाडीची स्थिती : लाल रंग, दोन दारे, दोन सीट, वय अकरा वर्षे. आधीचा मालक नागपूरचा दातांचा डॉक्टर. माझ्याकडे येऊन चार महिने झाले, पण बाबा अजून एकदाही तिच्यात बसलेले नाहीत. म्हणतात, ‘जिच्यात वांग्याचं एक कॅरेट मावत नाई, ते गाडी नोय, खेळणं होय.’ भाजीपाल्याच्या मळ्यापलीकडे त्यांनी जग पाहिलेले नाही.

चारही टायरना चिरा. रबर दगडासारखे झालेले. बदलायचेच.

दुसरे कारणही आहे. धनराजमामांनी कारंज्याजवळचे स्थळ आणले आहे. रुचिका. बी.एस्सी. शेती. फोटोत चष्मा आणि किंचित हसू. दसरा झाला की पाहायला जायचे. माझ्या अभ्यासाप्रमाणे त्या दिवशी मुलाच्या चेहऱ्याकडे कोणी बघत नाही, गाडी अंगणात कशी वळते ते बघतात. आणि वळणे संपूर्णपणे टायरवर अवलंबून असते. म्हणजे लग्न टायरवर अवलंबून आहे. हे घरात कोणाला समजावता येत नाही.

बुधवार, ११ सप्टेंबर
तीन दिवस अभ्यास. टायरच्या अंगावर अक्षरे असतात, प्रत्येक अक्षराला अर्थ असतो. वाय म्हणजे ताशी तीनशे किलोमीटर. वायच घेणार.

रिसोडला दौलतसिंगच्या टायरच्या दुकानात गेलो, कागद दाखवला. त्याने कागद सरळ धरून वाचला, मग उलटा करून पाहिला. म्हणाला, ‘पवनभाऊ, तीनशेनं जाशीन कुठं? वाशीम पंधरा मिनिटांत मागं जाईन ना!’ दुकानातले सगळे हसले. मी त्याला स्पष्ट सांगितले की प्रश्न जाण्याचा नसून क्षमतेचा आहे. तो म्हणाला, ‘मंग ठीक हाय.’ नागपूरहून मागवतो म्हणाला.

किंमत इथे लिहीत नाही. वही बाबांच्या हाती लागू शकते.

सोमवार, २३ सप्टेंबर, दुपारी ४
बसले! रुंद, काळे, मऊ. नखाने दाबले तर दबतात. तयार झाल्याचा आठवडा चारही टायरवर एकच छापलेला आहे, खात्री करून घेतली. दौलतसिंग म्हणाला, ‘चारही जुळे हायेत भाऊ, आता घरी ने.’

आईने चाकांखाली लिंबे ठेवली. मी गाडी इतकी हळू पुढे घेतली की लिंबे फुटलीच नाहीत, नुसती दबली. आई म्हणाली, ‘मेल्या, फोड ना एकदाचं!’ पण टायरसोबतच्या पत्रकात लिहिले आहे की पहिले तीनशे किलोमीटर टायर जपून चालवावेत. जपून म्हणजे किती, हे दिलेले नाही. मी ताशी वीस ठरवले आहे.

मंगळवार, २४ सप्टेंबर
रिसोड जाणे-येणे, बारा किलोमीटर. मला ओलांडून गेलेले : एक एसटी, दोन ऑटो, एक शाळेची मुलगी सायकलवर. एक बैलगाडी बराच वेळ सोबत होती. गाडीवान बोलका माणूस निघाला.

शुक्रवार, २७ सप्टेंबर
आज एक किरकोळ घटना. गावातल्या रुखमाबाईंनी उडीद काढून रस्त्यावर पसरला होता. आमच्याकडे असे करतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात, मळणी फुकटात होते. मी टाळला असता, पण दुसऱ्या बाजूला खड्डा होता. ताशी वीसवरून बारावर आलो आणि गेलो.

उतरून माफी मागितली. रुखमाबाईंनी मूठभर उडीद उचलला, फुंकला, डोळ्यांपाशी नेला. म्हणाल्या, ‘अगं माय! एक दाना फुटला नाई. बाप्पू, पुना एक चक्कर मार ना.’

मारली. टायर मऊ आणि रुंद असल्यामुळे वजन सारखे पसरते. हे मला आधीच माहीत होते, फक्त उडदाच्या संदर्भात माहीत नव्हते.

मंगळवार, १ ऑक्टोबर
शेजारचे शेषरावकाका सकाळी सहालाच दारात. त्यांना पुढच्या पेरणीसाठी घरचे सोयाबीन बियाणे ठेवायचे आहे. म्हणाले, ‘मशीनीत टाकलं का बियाण्याची डाळ होते. फुटका दाना उगवत नाई. ट्रॅक्टर तर चेंदाच करते. तुयी गाडी कशी, लाडानं चालते.’

मी सांगितले की ही स्पोर्ट्स कार आहे. ते म्हणाले, ‘हो ना, तेच म्हून राह्यलो.’

एकदाच जाणार. टायर बसायला हळू चालवायचेच आहे, मग रस्त्यावर काय आणि खळ्यावर काय.

रात्री : गाडीचे पोट जमिनीला टेकते, म्हणून त्यांनी सोयाबीनचे काड पातळ पसरले होते. चाळीस चकरा. वेग ताशी सहा. शेंगांची टरफले टायरच्या खाचांत अडकली, ती जुन्या ब्रशने काढली. दीड तास गेला.

शनिवार, ५ ऑक्टोबर
आता बस. मी नाही म्हणायला शिकले पाहिजे. उद्यापासून सगळ्यांना नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर
चौघांना हो म्हणालो. नकार देताना माणसाचा चेहरा पडतो, तो बघवत नाही. शिवाय गोल फिरून वळणाचा सराव होतो. अंगणात वळायचे आहेच. फक्त डाव्या वळणाचा सराव जास्त झाला आहे, उद्यापासून उलटे फिरणार.

झीज मोजली. पट्टी चार ठिकाणी लावून पाहिली. झीज शून्य. हे टायर इतके चांगले कोणीच सांभाळले नसतील.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा
पहाटे गाडी धुतली, टायरना काळे पॉलिश. फूल लावायला आईला बोलवायला गेलो, परत आलो तर बाबा स्वतः पूजा करत होते! अवजारे रांगेत मांडलेली : डवरा, विळे, फवारणीचा पंप, आणि पंपाशेजारी माझी गाडी. बाबांनी चारही चाकांना हळदकुंकू लावले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, ‘कामाची निंगाली रे.’

पाच महिन्यांत पहिले कौतुक. पूजा झाल्यावर गाडी पंपापासून चार फूट बाजूला घेतली.

रविवार, २० ऑक्टोबर, रात्री ९
मुलगी पाहण्याचा दिवस. सविस्तर लिहितो.

गाडीत दोनच सीट. आई म्हणाली, ‘त्यात बसलं तर मले उठवाले चार मानसं लागतीन.’ म्हणून आई, बाबा आणि मामा एसटीने निघाले, मी एकटा पहाटेच गाडीने. शंभर किलोमीटरच्या वर रस्ता, खड्डे मोजून पार केले. एसटी माझ्या पन्नास मिनिटे आधी पोहोचली. मी गेलो तेव्हा त्यांचे पोहे खाऊन झाले होते.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी नाली आहे. पोट टेकले असते. गाडी मारुतीच्या देवळापाशी लावून पायी गेलो. अंगणात वळायचे राहिले.

रुचिकाच्या बाबांनी विचारले, काय करता? मी म्हणालो, ‘ऑटोमोबाइल.’ ही तयारी महिनाभर होती. आमचे बाबा मध्येच म्हणाले, ‘गाडीनं लोकायचं बियाणं काढून देते. दाना साबूत राह्यते.’ मी घामाघूम झालो. पण रुचिकाचे बाबा खुर्चीतून पुढे सरकले. किती एकराचे केले, ओल किती असावी लागते, सगळे विचारले. देवळापाशी येऊन त्यांनी टायर दाबून पाहिले. मग रुचिकानेही दाबून पाहिले. तिने मला एकच प्रश्न विचारला : ‘उगवण किती टक्के मिळते?’

मी म्हणालो, अजून पेरले नाही. ती हसली. फोटोतल्यापेक्षा जास्त.

माझ्या टायरला आजवर एवढ्या आपुलकीने कोणी हात लावला नव्हता. झाले, जमले.

शनिवार, २६ ऑक्टोबर
मामांचा फोन. ‘पोरगी नाई म्हनते रे पवन. पन तिचा बाप विचारून राह्यला, गाडी दिवाळीत मोकळी हाय का?’

दुपारभर विचार केला. निरोप पूर्ण ऐकला पाहिजे. पहिले वाक्य नकाराचे आहे, पण दुसरे सरळसरळ बोलावणे आहे. नको असलेल्या माणसाला कोणी सणासुदीला घरी बोलावते का? मुलीला मला काम करताना बघायचे असेल. शिकलेली आहे, पारखून घेणार.

मामांना कळवले, गाडी मोकळी आहे. तीन दिवस.

शुक्रवार, १ नोव्हेंबर, रुचिकाचे गाव
पोहोचलो. त्यांनी नालीवर दोन फळ्या टाकून ठेवल्या होत्या. एवढी तयारी! गाडी अंगणात शिरली आणि मी वळवली. एका दमात. रुचिका ओसरीवर होती, पण तेव्हा मोबाइलवर बोलत होती.

शनिवार, २ नोव्हेंबर
साठ चकरा. चहा तिनेच आणून दिला. गाडीच्या खिडकीतून दिला, थांबलीही. म्हणाली, ‘त्या कोपऱ्यातलं राहून राह्यलं.’ बारीक लक्ष आहे तिचे.

नवा शर्ट उद्यासाठी ठेवला आहे. काम संपल्यावर सरळ विचारणार. वाक्य पाठ केले आहे.

रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीज
काम दुपारी एकला संपले. दाणा शंभर टक्के साबूत. शर्ट बदलला, हात धुतले, वाक्य मनात दोनदा म्हटले.

ओसरीवर पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी. रुचिका ताट घेऊन उभी. नवी साडी. तिला सख्खा भाऊ नाही, हे मला मामांनी सांगितले नव्हते.

म्हणाली, ‘या पवनभाऊ, बसा. तीन दिवस घरच्यासारखे राबले तुमी.’

तिची आई, तिचे बाबा, शेजारच्या दोन बाया, सगळे माझ्याकडे बघत होते. टोपी नव्हती, म्हणून तिच्या बाबांनी माझ्या डोक्यावर स्वतःचा रुमाल ठेवला.

बसलो. तिने टिळा लावला, ओवाळले. मी ताटात शंभराची नोट टाकली. तिने वाकून नमस्कार केला. ‘सुखी राहा’ म्हणालो.

मग जेवण. करंज्या दोन खाल्ल्या. तिसरी बहिणीच्या आग्रहाची होती. तीही खाल्ली.