धुवांधारला चाळीस मिनिटं

अमरावती,
४ जानेवारी २०२५

सौ. शकुनबाई यांना,
स. न. वि. वि.

जबलपूरहून येऊन आठवडा झाला, तरी माझी सकाळ अजून साडेचारलाच होते. परवा तर आंघोळ करून, पर्स घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा लक्षात आलं की आज कुठे जायचंच नाही.

पुण्याहून श्यामचा फोन आला. मागून तुमची प्रतीक्षाही बोलली. मी दोघांना सांगितलं की मुलाच्या आईचं आणि मुलीच्या आईचं कधी पटत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडे येऊन पाहावं. सात दिवसांत एकोणीस ठिकाणं पाहिली आणि एका शब्दाचा वाद नाही! मागे एका मैत्रिणीबरोबर म्हैसूरला गेले होते, तर तिसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी वेगवेगळ्या रिक्षांतून फिरत होतो. तुमच्यासारखी सोबत मिळायला नशीब लागतं.

तर आता पुढचं. मुलांनी आपल्यासाठी रामेश्वर-कन्याकुमारी ठरवलं आहे. नऊ दिवस, अठरा फेब्रुवारीला निघायचं. माझी फाईल तयार आहे, या वेळी चोवीस ठिकाणं बसवली आहेत. तुमचा होकार आला की श्याम तिकिटं काढेल. फोनवर तुम्ही नुसतं हो-हो करता, आणि मध्ये मुलं बोलतात. एकतीस वर्षं टपाल खात्यात काढलेल्या बाईला उत्तर लेखीच लागतं. नकाराची भीती नाही, तो तुम्हाला येतच नाही.

किसनरावांना नमस्कार. त्यांचे गुडघे कसे आहेत?

लोभ आहेच, तो वाढता ठेवावा.
आपली,
रागिणी


जुने शहर, अकोला,
११ जानेवारी २०२५

श्रीमती रागिणीताई यांना,
कृ. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राचं उत्तर तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. हे चौथं. परत वाचायच्या आत पेटीत टाकणार आहे.

मी रामेश्वरला येणार नाही.

एका शब्दाचा वाद झाला नाही असं तुम्ही लिहिलंत. कसा होणार? बोलणारी एकच होती. यात तुमची चूक नाही, माझीच आहे. लग्नात मी तुमचे पाय धुतले. मुलीच्या आईने एकदा वरमाईचे पाय धुतले की पुढे तिच्यासमोर तोंड कसं उघडायचं, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. दर्यापूरची माझी आई तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. मग तुम्ही साडेचार म्हणालात की मी साडेचार म्हटलं. जेवायला बसलो की तुमच्यासाठी म्हणून फिकं वरण मागवलं, आणि तुम्ही ते खाता म्हणून मीही खाल्लं. घरून नेलेली ठेच्याची बरणी झाकण न उघडता परत आली. आमच्या घरी अजून त्यावरून हसतात.

पण हे सगळं सोसलं असतं. धुवांधार धबधब्याचं मात्र मनातून जात नाही. एवढं पाणी एका ठिकाणी पडताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला तिथे बसायचं होतं. नुसतं बसायचं होतं, दिवसभर. तुम्ही घड्याळ पाहून सांगितलंत की चाळीस मिनिटं झाली, निघू या ना. मी हो म्हटलं, आणि रिक्षात बसून मागे पाहत राहिले. त्यानंतर आपण अमरकंटकला काय काय पाहिलं, विचाराल तर मला सांगता येणार नाही.

मला परत तिथे जायचं आहे, एकटीने. वय एकसष्ट, आणि एकटीने केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे अकोला ते दर्यापूर, तोही जीपमध्ये ओळखीच्या दहा बायांच्या मध्ये बसून. आमच्या ह्यांचं म्हणणं असं की पाह्यलेलं काय पाह्यतं पुन्हा, पाणीच पाह्याचं हाये तं मोर्णा नदी काय दूर हाये. पण शेवटी म्हणाले की जाय बापा, फोन तेवढा चालू ठेवजो.

आता धास्ती एकच आहे. माझी मुलगी तुमच्या घरात नांदते. तिच्या आईने तुमची सोबत नाकारली, याचा काटा तुमच्या मनात राहिला तर तो तिला टोचेल. म्हणून हात जोडून सांगते, राग आला तर तो माझ्यावर काढा.

मायेत अंतर पडू देऊ नये, ही विनंती.
आपली नम्र,
शकुन


जुने शहर, अकोला,
२७ जानेवारी २०२५

श्रीमती रागिणीताई यांना,
कृ. सा. न. वि. वि.

सोळा दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. काल प्रतीक्षाचा फोन आला. विचारत होती की आई, तू सासूबाईंना लिहिलंस तरी काय? तुम्ही रोज संध्याकाळी मुलांना फोन करता, तो दहा दिवसांत एकदाही केला नाही म्हणे. श्यामराव काळजीत आहेत, आणि तिचा आवाज तर एवढासा झाला होता. रात्रभर माझा डोळा लागला नाही.

एवढी वर्षं गप्प राहून निभावलं आणि या वयात माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. मागचं पत्र आलंच नाही असं समजा. मी रामेश्वरला येते. तुम्ही म्हणाल ती गाडी, तुम्ही म्हणाल ती वेळ. तिकिटं काढायला सांगावं.

पोरीवर राग धरू नये, एवढंच मागणं.
आपली नम्र,
शकुन


अमरावती,
३० जानेवारी २०२५

सौ. शकुनबाई यांना,
स. न. वि. वि.

तुमचं सत्तावीस तारखेचं पत्र याच पाकिटात परत पाठवते आहे. ते मला नको. आधीचं ठेवून घेतलं आहे.

राग आला होता, खोटं कशाला बोलू? इतका आला की आठवडाभर कामवाल्या बाईला सुट्टी देऊन मीच भांडी आपटली. नकाराचा राग नव्हता तो. सात दिवस एका बाईबरोबर हिंडले असं मी गावभर सांगत होते, आणि ती बाई माझ्याबरोबर नव्हतीच, हे कळल्याचा होता. पुण्याला फोन केला असता तर आवाजात तो दिसला असता, म्हणून केला नाही. त्याचा असा अर्थ निघेल हे मला सुचलं नाही. प्रतीक्षाला त्रास झाला, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता माझंही ऐका. रोज तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत. वाऱ्याने माझी मान आखडते. परत आल्यावर चार दिवस शेकत होते. पण तुम्ही इतक्या आदराने सरकत होतात की नको म्हणवेना. आणि ते वरण! मला वाटलं, तुमचं पोट नाजूक आहे. अहो, मी अंजनगावची. तिखटाशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. बरणी पिशवीत आहे हे कळतं तर मी अर्धी एकटीने संपवली असती. दोन म्हाताऱ्या बाया सात दिवस एकमेकींच्या मानापायी न आवडतं ते गिळत होत्या. असा वेडेपणा विहिणीच करू जाणोत.

धुवांधारचं खरं कारण सांगते, श्यामलाही सांगितलेलं नाही. ती चाळीस मिनिटंसुद्धा मला जड गेली. श्यामचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली. हात रिकामे असले, बसून राहिलं, की दवाखान्यातले ते शेवटचे सहा दिवस डोळ्यांपुढे येतात. म्हणून ती फाईल आणि म्हणून एकोणीस ठिकाणं. मी पाहायला जात नाही शकुनबाई, पळायला जाते. एकीला बसायचं आणि एकीला पळायचं, अशा दोघींनी एका रिक्षात बसू नये हेच बरं.

काल पुण्याला फोन करून सांगितलं की विहिणीबाईंची सोबत मला नको, कंटाळा येतो. त्यांना जिथे जायचं तिथे त्या एकट्या जातील, कोणी आडवं येऊ नये. श्याम लगेच हो म्हणाला. वरमाईने नाही म्हटलं की कारण कोणी विचारत नसतं. त्या मानाचा एवढा एकच उपयोग मला आजवर सापडला, तो तुमच्यासाठी केला. तुमच्यावर काही येणार नाही. खुशाल जा.

मी रामेश्वरला इथल्या एका महिला मंडळाबरोबर जाते आहे. चाळीस बाया आणि एक बस. गोंधळ पुष्कळ असेल, मला मानवेल.

राग गेला, लोभ आहे तिथेच आहे.
तुमची,
रागिणी


जुने शहर, अकोला,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय रागिणीताई,
स. न. वि. वि.

तुम्ही रामेश्वरहून परत याल तेव्हा हे पत्र दाराशी पडलेलं असेल. मी जाऊन आले.

भुसावळला गाडी बदलायची होती. फलाट तीन जणांना विचारला, कारण एकावर विश्वास बसेना. सोबत कोण आहे, हे तर मला भेटेल तो विचारत होता. चहावाला, रिक्षावाला, लॉजवरचा माणूस, पलीकडच्या बर्थवरची बाई. पहिल्या दिवशी मी सांगितलं की मागून येताहेत. दुसऱ्या दिवशी खरं सांगायला लागले.

धुवांधारला सकाळी नऊला बसले ते चारपर्यंत. पहिला तास असा गेला की कळलं नाही. मग चक्क कंटाळा आला, हेही तुम्हालाच सांगते. लघवीला जायचं तर पिशवी कोणाजवळ ठेवायची? तेव्हा तुमची फार आठवण झाली. एकटीने जाण्यात सगळं सुखच आहे असं मी कोणाला सांगणार नाही. मग भाकरी सोडली, ठेच्याशी खाल्ली, तुषारांनी लुगडं ओलं झालं आणि कंटाळा आपोआप निघून गेला.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, बसून राहिलं की दाबून ठेवलेलं वर येतं. माझं वर आलं ते तुमच्या फोनचं. तुमच्या शब्दामुळे मी सुटले, ते उपकार मी विसरणार नाही. पण नाही मी म्हटलं होतं आणि पुण्याला ते तुमच्या तोंडून गेलं. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं, तेही माझं राहिलं नाही. वर माझी पोर समजून बसली की तिची आई तिच्या सासूला नकोशी झाली. तुम्ही माझ्यासाठी वाईटपणा घेतलात आणि मी तो तुमच्याकडे राहू दिला. हे मला सहन होईना.

मग तिथूनच प्रतीक्षाला फोन लावला. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून दुकानांपर्यंत वर चढून आले. तिला सांगितलं की तुझ्या सासूबाईंनी मला टाळलेलं नाही, मीच त्यांना नाही म्हटलं होतं, आणि तुला त्रास नको म्हणून त्यांनी ते अंगावर घेतलं. तुम्हाला न विचारता सांगितलं, रागवायचं तर रागवा.

मग तिने हळूच विचारलं की आई, आमच्याकडे पुण्याला येतेस तेव्हाही तू अशीच सगळ्याला हो म्हणतेस का?

नाही म्हणणं किती सोपं होतं रागिणीताई. चार वर्षांत मी तिच्या घरी दोन रात्रींच्या वर राहिले नाही. दर वेळी जमिनीचं, ह्यांच्या गुडघ्यांचं काहीतरी कारण सांगून बस पकडली आणि शिवाजीनगर सुटेपर्यंत डोळे पुसत बसले. सकाळी दुसरा चहा हवासा वाटला तरी कधी मागितला नाही. लेकीचं घर, मागायचं कसं?

मी हो म्हटलं.

पोर हमसून रडली. मीही त्या दुकानांपुढे उभी राहून रडले, येणारे-जाणारे बघत होते. शांत झाल्यावर तिने विचारलं की मग तुला काय पाहिजे ते आता सांग. मी सांगितलं की एप्रिलमध्ये येते, आणि मला पंधरा दिवस राहायचं आहे.

तुमची माया माझ्या पोरीइतकीच माझ्यावरही असू द्यावी.
तुमची,
शकुन