विल्यम, डिझी आणि सेलिनाचे लग्न

रॉचडेल, १८ जून १८८२

चि. एनॉक यास, ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आमच्या सेलिनाचे ठरले. ऑगस्टात जत्रेसाठी गिरण्या बंद असतील तेव्हा बार उडवायचा. मुलगा रूबेन सोन्यासारखा आहे. पण त्याचे वडील म्हणजे आपल्या कोपऱ्यावरचे बिअरवाले जेबेझ. कट्टर टोरी! त्यांच्या पक्षाच्या डिझरायलीला जाऊन वर्ष झाले, तरी गुत्त्यातल्या त्याच्या तसबिरीवरची काळी फीत अजून उतरलेली नाही. आणि आपले बाबा तर त्याच्या वैऱ्याला, पंतप्रधान ग्लॅडस्टनला, घरच्यासारखे विल्यम म्हणतात.

चहाला बोलावले आणि व्हायचे तेच झाले. बाबा म्हणाले की, तुमच्या डिझीनं काय केलं हो? राणीच्या डोक्यावर हिंदुस्थानची बादशाहीण म्हणून नवा मुकुट चढवला आणि अफगाण नि झुलू लोकांच्या उगाच खोड्या काढल्या. माझ्या विल्यमनं कागदावरचा कर उठवला म्हणून गरिबाच्या हाती वर्तमानपत्र आलं, आणि मालकाला न कळता मत टाकता यायला लागलं. जेबेझ म्हणाले की, ते मत आपल्यासारख्यांना सदुसष्ट साली दिलं कुणी? डिझीनंच ना! गल्लीतली गटारं झाली तीही त्याच्याच कायद्यानं, नाहीतर बसला असतात वर्तमानपत्र नाकाला लावून. बाबांना असा ठसका लागला की मला पाठ चोळावी लागली. त्या घरच्या लग्नात पाय ठेवणार नाही, म्हणून बसले.

सेलिनाला बाप नाही. तिला हात धरून चॅपेलात नेणार ते आजोबाच. ते नसतील तर लग्नच नको, म्हणून पोरगी रडते आहे. शेवटी तिनेच तोड काढली. तुझ्या कारखान्यात शेल्फावर ठेवायचे चिनीमातीचे पुतळे होतात, त्यातली या दोघांची जोडी पाठव. लग्नापर्यंत विल्यम आमच्याकडे आणि डिझी गुत्त्यात राहील. लग्नाच्या टेबलावर दोघांना मानाने बसवू आणि मग जोडी सेलिनाच्या संसारात जाईल. या अटीवर दोन्ही म्हातारे कबूल झाले आहेत. तेव्हा हयगय करू नकोस.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझी ताई,
हेस्टर

---

बर्सलेम, ४ जुलै १८८२

ती. ताईस, एनॉकचा सा. न. वि. वि.

बाबांना सांगू नकोस, पण आमच्याकडे विल्यम नि डिझी एकाच साच्यातून निघतात. तोच कोट, तीच विजार, तोच कमरेवरचा हात. मुंडकी तेवढी निराळी. गळ्याखाली दोघांत काडीचा फरक नाही.

आता वाईट बातमी. पेटी काल गाडीवर चढली आणि आज माझ्या ध्यानात आले की, पायथ्याशी नावे लिहिणाऱ्या नव्या पोरीने घोटाळा केला आहे. दाढीवाल्या डिझीखाली ग्लॅडस्टन लिहिले आहे आणि सफाचट विल्यमखाली डिझरायली! दोघांची तोंडे तिने जन्मात पाहिली नव्हती. ताई, तुझ्या पाया पडतो, पेटी उघडू नकोस, लपवून ठेव. मी दुसरी जोडी पाठवतो.

रागावलीस तरी चालेल, पण विसरू नकोस.

तुझा घाबरलेला,
एनॉक

---

रॉचडेल, २० जुलै १८८२

चि. एनॉक यास, अ. उ. आ.

तुझे पत्र म्हणजे वरातीमागून घोडे झाले. पेटी आधीच उघडली होती, नावे वाचून वाटणीही झाली होती. बाबांची नजर अधू झाल्यापासून त्यांना तोंडे नीट दिसत नाहीत. त्यांनी पुतळा दोन्ही हातांनी चाचपला, शेल्फावर ठेवला आणि रोज सकाळी त्याच्याशी पुटपुटू लागले. लग्नाला यायलाही तयार झाले. मी म्हटले, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता दुसरी जोडी पाठवू नकोस.

आणि मग ती बातमी आली. शेजाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवली. ग्लॅडस्टन सरकारच्या आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, शहर जळते आहे.  बाबा उठले आणि पुतळा भिंतीकडे तोंड करून ठेवला. म्हणतात की, मी चॅपेलात येणार नाही, जेबेझपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू? सेलिनाने विणायला घेतलेली लेस तशीच टाकली आहे. अरे, भिंतीकडे तोंड करून बिचारा डिझीच उभा आहे, हे माझ्या ओठांवर आले होते. पण म्हाताऱ्याला आणखी एक धक्का कसा द्यायचा? मला फार वाईट वाटते रे. काही सुचव.

तुझी,
हेस्टर

---

रॉचडेल, २९ ऑगस्ट १८८२

चि. एनॉक यास, बाबांचे आशीर्वाद. सेलिना लिहिते आहे आणि लिहिताना फिदीफिदी हसते आहे, तेव्हा अक्षराला मला जबाबदार धरू नये.

लग्न झाले. पोरीचा हात मीच धरला. हॅम झकास होते आणि मी जेबेझकडची जिंजर बिअर तीन पेले प्यालो. तिच्यात दारू नसते, अशी खात्री करून घेतली होती.

तुम्ही भावंडे मला आंधळा समजता. अरे, मी जन्मभर मागावर सूत बोटांनी पारखले. पेटीतून काढला तेव्हाच हनुवटीला दाढी लागली. म्हटले, ये बाबा, आलाच आहेस तर ऐक. तीस वर्षे जे बोलायचे राहिले होते ते रोज सकाळी त्याला सुनावले. परक्यांच्या गावावर तोफा डागतोस, लाज नाही वाटत? बिचारा निमूट ऐकायचा. मग अलेक्झांड्रियाची बातमी आली. आता कोणत्या तोंडाने त्याला सुनावणार? मी रागावून त्याला भिंतीकडे वळवला नाही, एनॉक. मला त्याच्यापुढे लाज वाटली.

जेबेझ टोमणे मारायला येणार म्हणून मी दार लावून बसलो होतो. तो आला तो एप्रनखाली विल्यमला घेऊन. म्हणाला की, हा सफाचट तुमचा आहे, मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण यानं बिअरवर बसवलेल्या करावरून रोज शिव्या घालायला बरा सापडला होता. मग शेजारी बसला आणि म्हणाला की, आमचा डिझी असता तरी तोफा डागल्याच असत्या हो, वर भाषण तेवढं गोड केलं असतं. पण पोरीला हात धरून न्यायला दुसरा आजोबा कुठून आणू? मला रडू आले. त्यालाही आले असावे, कारण त्याने नाक एप्रनला पुसले.

जोडी आता सेलिनाच्या शेल्फावर आहे. आमचे शेल्फ ओके-बोके दिसते, सकाळ जाता जात नाही. तेव्हा मला आणखी एक पुतळा पाठव. दाढीवालाच हवा. खाली नाव मात्र विल्यमचेच असू दे. शेजारीपाजारी वाचता येणारी माणसे आहेत.

आहे हाच लोभ पुढेही राहो.

तुझे बाबा,
अमोस