दोन्ही गोलांमागचे बाबा

प्रिय आई,

सुखरूप पोचले. लोकरीचे मोजे घातलेत, त्यावरून पुन्हा फोन नको. तिकडे अ‍ॅडलेडला ऊन असेल. इथे थॉर्नबेकमध्ये नेहमीचीच भुरभुर आहे.

आधी तुझ्या जिवाचा घोर मिटवते. कातडी कमावणाऱ्या टॅनरीच्या कामगारांनी शंभर वर्षांपूर्वी चिखल उपसून केलेलं आपल्या फुटबॉल क्लबचं मैदान विकलं गेलं, हे खरं. तिथे सुपरमार्केट होतंय. पण बाबा त्याखाली राहिलेले नाहीत.

मैदान सांभाळणारे क्लिफर्डकाका भेटल्या भेटल्या कुरकुरले, "तुझ्या आईनं अर्धी रक्षा या गोलामागे टाकली, अर्धी त्या. आम्हाला दुप्पट खणायला लावलं."

"बाबा सामना बघताना मध्यंतराला जागा बदलायचे ना, काका. आपण ज्या गोलावर चढाई करणार, त्याच्यामागे जाऊन उभे राहायचे."

"आम्ही सगळेच बदलतो गं. पण मेल्यावरही?"

तरी त्यांनी दोन्हीकडची हिरवळ मातीसकट उचलून नव्या मैदानात, दोन्ही गोलांमागे लावलीय. मी हाताने ओढून पाहिली. मुळं धरलीत. मग मात्र मला रडू आलं.

तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

शनिवारी आपण हरलो. सामन्याआधी काकांनी मला बाजूला घेतलं. ट्रेलरमध्ये हिरवळीची सरमिसळ झाली होती, कुठली कुठल्या गोलामागची ते त्यांना सांगता येईना. म्हातारा झोपला नव्हता, आई.

मी म्हटलं, "असू द्या, काका. मध्यंतराला बदलतील ते जागा."

तुझी,
हिलरी