ठेपले तिबेटला चालले

उधना, मंगळवार, संध्याकाळ

चीन-तिबेटच्या सहलीला महाराज एकटेच जाणार. आज नक्की झालं. इथल्या गुजराती मंडळींच्या सहलीत स्वयंपाकी, म्हणजे त्यांच्या भाषेत महाराज, सोबत असतोच. बीजिंग असो की शांघाय, रात्री त्यांना खिचडी-कढीच लागते. मी महाराजांच्या हाताखाली स्वयंपाक करतो, म्हणून हौसेने पासपोर्टही काढून ठेवला होता. पण तिबेटच्या परवान्यात स्वयंपाक्याचं एकच नाव बसलं.

"तू तर पंख्याखाली शिंकतोस," महाराज हसत म्हणाले. "तिथे गोठशील, दीकरा."

मीही हसलो. दुसरं काय करणार?

मग सहलीच्या मंडळींसाठी आठवडाभराचे ठेपले लाटले. ल्हासाच्या पुढे, डोंगरातल्या एखाद्या गावात, याक चरत असतील तिथे बसून कोणीतरी ते खाईल. ठेपल्यांचा हेवा वाटणं बरं नाही. पण वाटला. ते पोचणार, मग मी का नाही?

शेवटी महाराजांचा लोकरीचा कोट बॅगेत भरायचा राहिला. ते खाली चहाला गेले तेव्हा घालून पाहिला. बाह्या जरा लांब झाल्या. घाम निथळू लागला, तरी जिन्यात त्यांची पावलं वाजेपर्यंत काढला नाही.