सहा एमएमची तार

आई, आज पुन्हा सगळे सांधे उघडले. गच्चीवरचे, जिन्यातले, जिन्याखालच्या बॅटऱ्यांवरचे. एकेक उघडायचा, बघायचा, ओढायचा, पुन्हा बसवायचा. सगळे घट्ट. घट्टच असणार हे मला माहीत होतं, कारण दोष कुठे आहे ते आता कळलेलं आहे, तरी उघडले. हाताला दुसरं काही सुचत नाही. तू गेलीस तेव्हा तुझा नातू रांगत होता. आता तो बंगलोरला नोकरीला आहे आणि फोनवर मला विचारतो, "सांधा म्हणजे काय गं?" जॉइंट रे बाबा, म्हटलं, जॉइंट. इकडे वाढलेली पोरं, ह्यांना निम्मी मराठी हिंदीतून समजवायची. तू असतीस तर आधी त्याला झापलं असतंस आणि मग मला, की पोराला शिकवलंस काय.

तुला हे घर माहीतच नाही. फरीदाबादला नहरपार, म्हणजे कालव्यापलीकडे, जिथे तुझ्या वेळी नुसती शेतं होती, तिथे आम्ही प्लॉट घेतला आणि एकमजली घर बांधलं. तुझे जावई काय खूश होते! फाउंड्रीत भट्टीपुढे जन्म काढलेला माणूस. म्हणाले, चारी बाजूंनी मोकळं आहे, आणखी काय पाहिजे. पण त्या फाउंड्रीनेच त्यांची छाती खाल्ली. साच्यांची बारीक रेती वर्षानुवर्षं आत जात राहिली आणि रिटायर व्हायच्या आतच जिना चढताना दम लागायला लागला. आता खोलीत एक मशीन आहे, लहान फ्रिजएवढं. ते हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडतं. सतत चालू लागतं. लाइट गेली की ते बंद, आणि इकडची लाइट कशी आहे ते तुला मी काय सांगू. छोटा सिलिंडर आहे कोपऱ्यात, पण तो थोड्या वेळचा पाहुणा. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, घरी ठेवायचं तर लाइट पक्की हवी, नाहीतर ॲडमिट करा आणि तिथेच राहू द्या. ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "मला तिथे नको नेऊस." भट्टीवरचा ह्यांचा जोडीदार तिथे गेला होता, तो घरी आलाच नाही. मी म्हटलं, नाही नेत. शब्द देऊन बसले.

साधा इन्व्हर्टर होताच, पण उन्हाळ्यात लाइट इतकी जाते की बॅटरी भरायला सवडच मिळत नाही. म्हणून ठरवलं, गच्चीवर सोलर बसवायचं. दिवसभर उन्हाने बॅटऱ्या भरायच्या, लाइट असो नसो. गल्लीतला बिजलीवाला आला, गच्ची बघितली आणि खिशातून तारेचा तुकडा काढून म्हणाला, "आंटी, डेढ़ एमएम बहुत है. पूरे घर में यही चलता है." घरात चालते रे, तिथे दोनशेवीस व्होल्ट आहेत. पॅनलचे व्होल्ट मूठभर. तेवढंच काम कमी व्होल्टने करून घ्यायचं तर तारेतून आठ-दहा पट करंट जाणार, आणि बारीक तार तो वाटेतच खाऊन टाकणार, स्वतः तापून. टाकीत पाणी कमी असलं की बारीक नळाला थेंब येतात आणि जाड नळाला निदान धार येते, तसंच हे. मी म्हटलं, सहा एमएम घालायची, तीही तांब्याची, आणि बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत अंगठ्याएवढी जाड. तो हसला. "आंटी, आप कहाँ काम करती थीं?" मी म्हटलं, माझी आई करायची.

हे बोलले आणि आई, एकदम आपलं जुनं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे. त्या वर्षांत नव्या मोटारी, नव्या स्कूटरी बाजारात येत होत्या आणि फरीदाबादला गल्लोगल्ली त्यांच्या सुट्या भागांच्या शेडी निघत होत्या. बाबा पलटणीतून रिटायर होऊन एका गेटावर सिक्युरिटीत लागले होते, आणि तू, साताऱ्याकडच्या खेड्यातून थेट दिल्ली कँटोन्मेंटात आलेली, उंबऱ्याबाहेर हिंदीचा 'ह' न येणारी बाई, हार्नेसच्या शेडीत लागलीस. गाडीतल्या सगळ्या तारांची मिळून एक लांबलचक वेणी असते, ती वळायची आणि तिच्या टोकांना थिंबलं, म्हणजे पितळी टोप्या, दाबून बसवायची. रविवारी तू गठ्ठा घरी आणतेस. एकीकडे कुकर, एकीकडे लाल-काळ्या तारांचा ढीग, आणि मी पाटावर बसून तारांची टोकं सोलतेय. थिंबल दाबलं की तू म्हणतेस, "ओढ. निघालं तर आपलं, नाही निघालं तर कंपनीचं." मी हळूच ओढते. तू खेकसतेस, "जेवली नाहीस का सकाळपासून? ओढ म्हणजे ओढ!"

आणि इस्त्रीचा तो दिवस. दहावीचा निरोप समारंभ होता, तुझी निळी साडी नेसायची होती मला, आणि इस्त्रीची वायर मध्येच तुटली. मी दोन्ही टोकं पिळली, वरून टेप गुंडाळली, इस्त्री चालू केली. तापली की छान! तेवढ्यात तू ड्युटीवरून आलीस. पिशवी खाली ठेवायच्या आधी बटण बंद केलंस, कात्री घेतलीस आणि तो जोड कचकन कापून टाकलास. "टेप म्हणजे पदर. झाकतो, धरत नाही." मी रडले, पाय आपटले, चुरगळलेली साडी नेसून गेले. दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू मात्र त्याच संध्याकाळी नवी वायर लावलीस आणि मला शेजारी बसवून दाखवलीस. बिघडलं की आधी सांधा बघायचा, तार बिचारी काय करील, असं तू म्हणायचीस. ते इतकं मुरलं माझ्यात की लग्नानंतर सासरी मिक्सर बंद पडला तरी मी आधी प्लग उघडायची. तुझे जावई हसायचे, "अच्छा, सासूबाई आल्या अंगात." माझ्या पाठवणीत तू साडीच्या घडीत थिंबल दाबायची पक्कड ठेवली होतीस. माझ्या सासूबाईंनी बघितली आणि विचारलं, हे काय, आमच्या घरी हिला मिस्त्रीकाम करायचंय का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं तेव्हा.

तर तीच पक्कड घेऊन मी दिल्लीला तारांच्या बाजारात गेले. पॅनलच्या तारांना प्लास्टिकचे कनेक्टर असतात, नर-मादी, खटकन बसतात आणि पाऊसपाणी आत जात नाही. दुकानदाराने एक ह्या कंपनीचा काढला, एक त्या कंपनीचा. बसले की खटकन! "मैडम, सब चल जाता है." मी म्हटलं, दोन्ही एकाच कंपनीचे द्या. दिसायला सारखे असले तरी आतलं पितळ केसभर इकडेतिकडे असतं, पुरतं टेकत नाही, तिथेच तापतं आणि एक दिवस वितळतं. त्याने कपाळाला हात लावला पण दिले. प्रत्येक टोक मी स्वतः दाबलं, आई. ओढलं. पोटभर जेवून ओढलं.

आणि चाललं! सगळा उन्हाळा चाललं. लाइट जायची, गल्लीत जनरेटरांचा खणखणाट सुरू व्हायचा आणि आमच्या खोलीत मशीन आपलं शांतपणे घुरघुरत असायचं. हे खाटेवरून दाराकडे बघायचे. दारातून जिन्याखालचा हिरवा दिवा दिसतो, बॅटरी भरतेय असं सांगणारा. म्हणायचे, "सासूबाईंची ड्युटी चालू आहे." मला वाटलं जिंकलो. कप्पाळ माझं.

दिवाळी झाली आणि बॅटऱ्या उतरायला लागल्या. दुपार कलायच्या आत इन्व्हर्टर कुईंकुईं करायला लागायचा. मी लागले सांध्यांच्या मागे. सगळे उघडले. कनेक्टर कापून नवे दाबले. बिजलीवाल्याला बोलावलं, त्याने मीटर लावून बघितलं, डोकं खाजवलं. मी म्हटलं तार कमी पडतेय, सहाची काढून दहा एमएमची घातली. बॅटऱ्या तपासून आणल्या, चांगल्या निघाल्या. पुन्हा सांधे. तुझा नातू म्हणतो, "आई, पापांना ॲडमिट कर ना यार, तू वेडी होशील." हे नुसते हिरवा दिवा बघतात. दिल्लीची दिवाळीनंतरची हवा तुला माहीत आहे, धडधाकट माणूस खोकतो, ह्यांचं तर विचारूच नकोस. बोलताना अर्धं वाक्य होतं आणि उरलेलं मी डोळ्यांवरून ओळखायचं. आणि मी बाई पक्कड घेऊन जिन्याखाली.

मग एक दिवस गच्चीवर कपडे काढायला गेले तर चादर ओलीच. काल घातलेली. हात लावून उभी राहिले आणि मान वर केली. दक्षिणेला शेजारच्या प्लॉटवर चार मजले उभे होते. काल नाही उभे राहिले ते, आई! पावसाळाभर माझ्या नाकासमोर चढत होते. त्यांच्या मजुरांना मी पाणी दिलंय. प्रत्येक स्लॅबच्या दिवशी, इकडे लेंटर म्हणतात, लाडू वाटतात, ते लाडू आम्ही खाल्लेत. ह्यांनी दोन मागून घेतले होते! उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर होता म्हणून काही जाणवलं नाही. थंडीत तो खाली दक्षिणेला उतरला आणि त्या भिंतीची सावली सरळ माझ्या पॅनलवर. सगळ्यावर पडायचीही गरज नसते, एका कोपऱ्यावर पडली की सगळी ओळ बसते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपल्याच घरचा बिघाड सांध्यात शोधायची सवय, आभाळाकडे कोण बघतं?

गेले मी शेजाऱ्याकडे. माणूस वाईट नाही. चहा दिला, नकाशा दाखवला. "भाभीजी, सब पास है." खरंच पास आहे, काय भांडायचं? मी म्हटलं, तुमच्या गच्चीवर माझी पॅनल ठेवू द्या, मी जाड तार ओढीन खालपर्यंत, तुम्हाला त्रास नाही देणार. तो म्हणाला, मजले विकले गेलेत, छताचा हक्क सगळ्यात वरच्या फ्लोरचा, आणि तिथे राहायला आलेले हात जोडून म्हणाले, नको जी, आमची टाकी आहे, आमची मुलं खेळतात. खोटं काय त्यात. उत्तरेच्या कोपऱ्यात हलवून बघितली, तिथे पाण्याच्या टाकीची सावली आणि पुढच्या गल्लीत आणखी एक बिल्डर खांब उभे करतोय. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणायचीस तू. माझं कर्म चार मजली आहे.

आता बॅटऱ्या जमेल तेवढ्या मेन लाइनवर भरते. लाइट थोडी जाते तेव्हा निभतं. जास्त गेली की सिलिंडर, आणि सिलिंडर संपत आला की मी दारात उभी राहून विजेच्या खांबाकडे बघत बसते, जसं काही बघितल्याने लाइट येणार आहे. हॉस्पिटलचा नंबर फोनमध्ये वर आणून ठेवलाय. शब्द दिलाय आणि शब्द पाळायला काही उरलेलं नाही. ह्यांना सगळं कळतं. परवा म्हणाले, "ऊन नाही ना आता?" मी म्हटलं, थंडी आहे, सगळीकडेच कमी असतं. त्यांनी मान हलवली आणि कुशीवर वळले, दाराकडे पाठ करून. आई, मी थकलेय गं. खरंच थकलेय. पाठीचा कणा हातात धरून उठावं लागतं सकाळी.

काल दुपारी मी डाळ चढवत होते. लाइट गेली. इन्व्हर्टरने ओढलं थोडा वेळ, मग तोही बसला आणि खोलीतून मशीनचा भोंगा वाजायला लागला. हातात कुकरचं झाकण होतं. मी ते खाली ठेवलं नाही. उभी राहिले. भोंगा ऐकत होते, आणि तो वाजतोय हे मला कळत होतं, आणि पाय हलत नव्हते असंही नाही, हलवले असते तर हलले असते. डोक्यात एवढंच होतं की आता ह्यांना कुठे न्यावं लागणार नाही आणि मला कुठे धावावं लागणार नाही. मग खोलीतून खोकला आला आणि मी पळाले. नळी काढून सिलिंडरला लावली, किल्ली फिरवली, पाठ चोळली. दम बसल्यावर ह्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. झाकण अजून हातातच होतं. म्हणाले, "डाळ लागेल." मी म्हटलं, लागू दे.

त्यांनी मोजलं असेल का, किती उशीर झाला ते? विचारायची हिंमत नाही. तुझ्या नातवाला हे सांगू शकत नाही, डॉक्टरांना नाही. तुला सांगितलं ते तू आता कुठल्याच पत्त्यावर नाहीस म्हणून. असतीस तर लिहिलं असतं, इकडे सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस.