गोळी सोडल्याचं

ताई,

आपल्या दोघींची तक्रार एकच: बाईने त्रास सांगितला की "वयाचं आहे" म्हणून तिला गप्प बसवतात. तुला गप्प बसवणारी मीच होते. प्रोजेस्टेरॉनच्या गोळीने तू रडायचीस आणि मी म्हणायचे, "पुरे गं तुझी नाटकं!"

पाळी गेल्यावर मलाही तीच गोळी आली. त्या दिवसांत मी सुनेवर पातेलं भिरकावलं. मग गोळी गुपचूप सोडली, कातडीवर चिकटवायची इस्ट्रोजेनची पट्टी तेवढी ठेवली. गोळीशिवाय नुसत्या पट्टीने गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. आता रक्त जातंय. सभेत "बायांनो, लपवू नका" म्हणून गरजणारी मी डॉक्टरांना "सगळं ठीक" सांगून आले.

अशी दोन पत्रं फाडली. हेही तुझ्या दारावरच्या पेटीत टाकायला हात धजत नाही. तरी मागते: उद्या सकाळी दहाला माझ्याबरोबर दवाखान्यात चल आणि मी खोटं बोलले, तर तू खरं सांग.

तुझी तोंडाळ धाकटी