डावा मागचा कोपरा

३ डिसेंबर

डबा आला. ताईचा. नऊ वर्षं झाली, दर डिसेंबरला येतो. चिठ्ठीचपाटी काही नाही, नुसता डबा. यंदाही नाही. सुतळीऐवजी चिकटपट्टी लावलीय, एवढाच काय तो बदल.

उघडला तर – सगळी चांगली! चाळीसच्या चाळीस! सारखी भाजलेली, मधोमध चांदणी. करपलेलं एकसुद्धा नाही.

आमच्या ह्यांनी लगेच दोन उचलली. "वा! ताई सुधारल्या म्हणायच्या."

मलाही तसंच वाटायला हवं होतं. वाटत नाही. काहीतरी खटकतंय आणि काय ते कळत नाही.

४ डिसेंबर

लिहून काढते, म्हणजे डोक्यातला भुंगा थांबेल.

नाताळची ही बिस्किटं आईची. मध, सुंठ, दालचिनी, लवंग. पीठ रात्रभर मुरवायचं, सकाळी पातळ लाटायचं, गोल कापायचं, लाकडी ठशानं चांदणी उठवायची. आई गेली, आणि तिचा ओव्हन कुणाकडे जाणार यावरून आम्ही दोघी बहिणी भांडलो. ओव्हन ताईनं नेला. मी फोनवर तोंडाला येईल ते बोलले. शेवटी ती ओरडली, "दिला भंगारात! झालं समाधान?" मी फोन आपटला. त्यानंतर आजवर एक शब्द नाही.

आणि त्याच वर्षी डिसेंबरात हा डबा! मोठ्या हौसेनं उघडला, तर आत सगळी करपलेली. प्रत्येकाला एका बाजूला काळी कड. म्हटलं, बरोबर आहे – चांगली जगाला, उरलंसुरलं बहिणीला! पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. दरवर्षी मी चडफडत खाल्ली. खाल्ली मात्र सगळी. आईची होती ना.

मग यंदाच चांगली का? नऊ वर्षांनी अचानक माया उतू गेली?

ह्यांना विचारलं. म्हणाले, "अगं, करपलेली आली तरी तक्रार, चांगली आली तरी तक्रार. त्या बाईनं करायचं तरी काय?"

५ डिसेंबर

एक बिस्किट दुकानात नेलं. चष्म्याच्या काचा घासून घासून तीस वर्षं झाली, भिंगाखाली घातल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. मालक डोकावले. "काय बाई, बिस्किटाला नंबर लागला का?"

हसा म्हटलं.

पण दिसलं! चांदणीचं एक टोक तुटकं आहे. तो ठसा लहानपणी माझ्याच हातून फरशीवर पडला होता, तेव्हा उडालेलं टोक. म्हणजे ठसा आईचाच. बेकरीतली आणून भरली असतील अशी शंका होती, ती गेली. ताईच्याच घरची आहेत. तरी ताईची वाटत नाहीत.

६ डिसेंबर

गेल्या वर्षीचं एखादं सापडलं असतं तर! शेजारी ठेवून बघता आलं असतं. डबे, बरण्या, खण, सगळं पालथं घातलं. चुरासुद्धा नाही.

८ डिसेंबर

सापडलं! तेही कुठे – ह्यांच्या काळ्या कोटाच्या खिशात! हे चर्चच्या गायनात खालच्या पट्टीत गातात आणि तो कोट फक्त नाताळात निघतो. आज इस्त्रीला काढला. रुमालात गुंडाळलेली अडीच बिस्किटं.

"अहो, वर्षभर?"

"प्रवचन लांबलं की भूक लागते." लाज म्हणून नाही!

मी मात्र ह्यांच्यावर खूश. अडीचही बिस्किटं टेबलावर मांडली, तुटकं टोक वर करून. काळी कड तिन्ही तुकड्यांवर एकाच अंगाला. डावीकडे, वरच्या बाजूला. आई ठसा नेहमी तुटकं टोक वर धरून मारायची. आम्हां दोघींना तशीच सवय लागली. म्हणजे ही बिस्किटं चुकून इकडेतिकडे करपलेली नाहीत. सगळी एकाच ठिकाणी करपली.

हे वायरमन. चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि म्हणाले, "ओव्हनची मागची कॉइल एका टोकाला जास्त तापत असणार. डाव्या."

डावा मागचा कोपरा!

आईचा ओव्हन! आईच्या ओव्हनमध्ये त्या कोपऱ्यातली दोन बिस्किटं दरवेळी करपायचीच. बाबांनी दोनदा दुरुस्त केला, तरी करपायची. खोटारडी! भंगारात दिला म्हणे! घरात ठेवून, वर त्याच्यातली बिस्किटं मलाच पाठवत होती! नऊ वर्षं!

इतकी संतापले की इस्त्री तशीच चालू राहिली. कोटाची बाही जरा चमकतेय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

९ डिसेंबर

राग ओसरला नाही, पण रागाबरोबर दुसरंही काही वाटतंय. ओव्हन आहे. आईचा ओव्हन अजून कुठेतरी तापतोय.

१० डिसेंबर

सुट्टी. खात्री करायची म्हणून आमच्या ओव्हनमध्ये केली. पहिला ट्रे – सगळी सारखी. दुसऱ्याला ट्रे तिरका ठेवला – चारी बाजूंनी करपली. तिसऱ्याला अर्ध्या ट्रेवर फॉइलचा चमकी कागद झाकला – अर्धी कच्ची, अर्धी कोळसा. घरभर धूर. वरच्या मजल्यावरच्या काकू दार ठोठावत आल्या, "अहो, काही जळतंय का?"

"हो, मीच जाळतेय!"

त्या दोन पावलं मागे सरकल्या.

हे बिचारे कोळसाही खातात. म्हणाले, "दात घासायला बरं." मी काय करतेय हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. तीस वर्षांत एवढं शिकले.

एक कळलं. तशी नेमकी, नखाएवढी काळी कड मुद्दाम आणू म्हटलं तरी येत नाही. ती फक्त त्या कोपऱ्यात येते.

११ डिसेंबर

सावकाश लिहिते.

दुकानात काच घासताना डोक्यात आलं. आईच्या ट्रेमध्ये बिस्किटं मावतात चोवीस. चारच्या सहा ओळी. करपतात किती? दोन! फक्त कोपऱ्यातली दोन.

आणि माझ्या डब्यात दरवर्षी चाळीस. चाळीसच्या चाळीस करपलेली.

चाळीस जमवायला वीस ट्रे लागतात! घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे पावणेपाचशेच्या वर बिस्किटं. तुझी ताई काय फौजेला जेवू घालते?"

नाही घालत. मग उरतं एकच. ती त्या कोपऱ्यात दोन-दोनच ठेवत असणार. वीस वेळा. एका वेळेला दहा-बारा मिनिटं. म्हणजे चार तास ओव्हनपाशी. दरवर्षी.

उरलंसुरलं नव्हतं ते. ती मुद्दाम माझ्यासाठी करपवत होती. आणि मी मूर्ख, दरवर्षी डबा उघडून तिला शिव्या घालत होते.

१२ डिसेंबर

कुणालाच न सांगितलेली गोष्ट आज इथे लिहिते.

लहानपणी बिस्किटं निघाली की आई चांगली आमच्यापुढे ठेवायची आणि कोपऱ्यातली दोन स्वतःच्या बशीत. दरवेळी. "मला अशीच आवडतात गं." मी सहा वर्षांची असेन. मला दिसायचं, खाताना ती डोळे मिटून घ्यायची. एक दिवस मी बशीवर झडप घातली. "मला आवडतात ती! मलाच हवीत!" आई हसली, बाबा हसले, ताई म्हणाली, "वेडीच आहे ही!" तेव्हापासून करपलेली माझी. आई गेली त्या वर्षापर्यंत.

मला कधीच आवडली नाहीत. कडू लागतात! पण एकदा बोलून बसले. आणि आईच्या बशीत चांगली पडायला लागली, ते बघायला बरं वाटायचं.

ताईला हे माहीत नाही. तिला वाटतं, आपल्या धाकटीला करपलेलीच आवडतात. बोलणं तोडलं, पण ते नाही विसरली.

१३ डिसेंबर

आणि आज पहाटे जाग आली ती एकदम. एवढं सगळं खरं, तर मग यंदाची चांगली बिस्किटं कुणी भरली?

ताई नाही भरणार. ताई असती तर करपलेलीच आली असती.

डब्याचा कागद ह्यांनी हत्यारांच्या पेटीत अंथरला होता. काढून बघितला. पत्ता माझाच, पण अक्षर ताईचं नाही. तिचं अक्षर उजवीकडे कलतं. हे उभं, घाईचं. शिवाय चिकटपट्टी. ताई कधी चिकटपट्टी लावेल? सुतळीला दोन गाठी मारणारी बाई ती!

हे म्हणाले, "फोन कर."

मी म्हटलं, "तिनं करावा. मोठी ती आहे."

ह्यांनी फोन उचलून माझ्यापुढे ठेवला.

१४ डिसेंबर

नंबर पाठ आहे. तीनदा फिरवला, तीनदा शेवटच्या आकड्यावर ठेवून दिला. काय बोलणार? "हॅलो, बिस्किटं चांगली आली म्हणून फोन केला"?

१५ डिसेंबर

केला.

भाचीनं उचलला. ताईची मुलगी. लग्न होऊन दूर गेलेली, ही तिथे कशी? म्हटलं, "मी बोलतेय, मावशी." पलीकडे ती रडायलाच लागली.

ताईला सप्टेंबरात झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता जरा बसते, डावा हात चालतो. शब्द नाही फुटत.

"मला का नाही कळवलं?" मी ओरडलेच.

"मावशी, तुमचं दोघींचं बोलणं नाही. कुणी कळवायचं, कसं कळवायचं, बाबांनाही समजेना." खरंय. कुणावर ओरडणार? ही वेळ मीच आणली.

मग डब्याचं विचारलं. म्हणाली, "आईनं कपाटात आणून ठेवलेला डबाच दाखवला. हात खाली करीना. आत तुझ्या पत्त्याचा कागद होता. म्हणून मी केली. डबा दरवर्षी आईच भरायची, मी तर नाताळात सासरी असायचे. आई खुर्चीत बसून बघत होती. पहिल्या ट्रेमधली कोपऱ्यातली दोन करपली. ती मी कचऱ्यात टाकली. तर आई टेबलावर हात आपटायला लागली! दुसऱ्या ट्रेलाही तेच. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, करपवली म्हणून रागावलीय. मग मी तो कोपरा रिकामाच सोडला. जपून केली गं, मावशी. चांगली झाली होती ना?"

"फार चांगली झाली होती," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार त्या पोरीला!

"आणि ओव्हन?"

"कुठला, आजीचा? इथेच आहे की. तो कुठे जाणार?"

फोन ठेवला आणि तिथेच खाली बसले. ह्यांनी येऊन पाणी दिलं. म्हणाले, "रजा टाक."

१६ डिसेंबर

रजा टाकली. मालकांना सांगितलं, बहीण आजारी आहे. म्हणाले, "बाई, तुम्हांला बहीण आहे?" तोंडात मारल्यासारखं झालं.

१९ डिसेंबर

बॅग भरतेय, उपसतेय. ती मला बघून तोंड फिरवेल का? फिरवलं तरी कळणार कसं, की राग आहे की झटका? भाची म्हणते, तू येणार सांगितल्यापासून सारखी दाराकडे बघते. त्यावरून काय समजायचं? दार बंद करायलाही माणूस दाराकडेच बघतो.

तिला खरं सांगायचं असं ठरवलंय. करपलेली मला आवडत नव्हती. चाळीस वर्षांचं खोटं, तेवढं तरी फेडून टाकते.

२२ डिसेंबर

पोचले. चार तास बस. ताई खिडकीशी. अर्धी झालीय. मी दारातच उभी राहिले, मग तिच्या खुर्चीपाशी गेले. तिनं डावा हात पुढे केला आणि माझ्या बाहीचं सुटलेलं बटण बघून ते लावायला लागली. एका हातानं. पाच मिनिटं लागली. मी हलले नाही.

ओव्हन बघितला. किती लहान आहे! माझ्या डोक्यात केवढा मोठा झाला होता.

२४ डिसेंबर

सकाळी पीठ लाटलं. ताईनं स्वतः ठसा मारला, तुटकं टोक वर. ट्रेमध्ये दोनच ठेवली. डावा मागचा कोपरा.

ती भाजेपर्यंत मी तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. आईची बशी, माझी झडप, सगळं. "ताई, मला नाही गं आवडत करपलेली. कधीच नाही आवडली." ती बघत राहिली. मग हसली. अर्ध्याच तोंडानं, पण अगदी तीच हसली.

बिस्किटं निघाली. तिनं भाचीच्या बरणीतलं एक चांगलं काढून माझ्यापुढे सरकवलं. आणि करपलेलं उचलून स्वतःच्या तोंडाकडे नेलं.

हिसकावून घेतलं मी. "मला आवडतात ती!"